नायिका असलेली साहसी हेरकादंबरी: ओढ कशाची, आणि ती खानदेशात घडवायची तर?

गिरणाकाठ

मंडळी, प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत.

पहिला वाचकाचा. हेरकादंबरीत बाप्या नायक असला की पन्नासाव्या पानापासून पुढचं दिसायला लागतं: कुणाला कुठे मारणार, कोण फितूर निघणार. नायिका असली आणि लेखक बरा असला, तर तसं होत नाही. ही ओढ नेमकी कशाची? "बाई असून मारामारी करते" हे उत्तर नको, त्याचं अप्रूप कधीच संपलं.

दुसरा लिहिणाऱ्याचा. दिवाळी अंकासाठी बारा प्रकरणांची कादंबरिका. काळ नोव्हेंबर-डिसेंबर १९७१. भुसावळ यार्डातून जाणाऱ्या लष्करी गाड्यांची माहिती कुणीतरी बाहेर पुरवतंय आणि त्याचा मोबदला सोन्याच्या रूपात जळगावात उतरतोय. नायिका चौतीस वर्षांची, ५२ किलोची, धुळ्याकडची. मोठे प्रसंग तीन. रावेरजवळ केळीच्या बागेत पाठलाग, तिथे ठिबकच्या नळीत पाय अडकून गुंड पडतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडून ती खलनायकाची वाट तोडते. शेवटी सायलेन्सर लावलेल्या रिव्हॉल्व्हरनिशी एकटी तिघांना लोळवते. कच्चा खर्डा वाचणाऱ्यांचा शेरा एकच: "हा पुरुषच आहे, नाव तेवढं बदललंय." चुकतंय कुठे?

कळणाभाकर

ताई, ओढ तयारीची आहे. ऐंशी किलोच्या नायकाला दार आडवं आलं की तो खांदा मारतो आणि लेखक त्या पानातून सुटतो. ५२ किलोच्या बाईला ते दार तसं उघडत नाही. मग किल्ली कुणाच्या कमरेला असते, तो पाणी प्यायला कधी उठतो, कडी आतून आहे की बाहेरून, हे लेखकाला आधी शोधावं लागतं आणि वाचक ते तिच्या बरोबरीने शोधतो. पुढचं दिसत नाही ते त्यामुळे. तुमच्या खर्ड्यात तिघांना लोळवण्याआधी तिने काय शोधलं, ते लिहिलेलं नाही. शेरा तिथूनच आला असणार.

तिच्याकडे एक गोष्ट मात्र फुकट असते. ती दिसते, पण तिची नोंद होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेच्या फ्रेंच विभागाने ३९ बायका फ्रान्समध्ये पाठवल्या, त्यामागे हाच हिशोब होता. कामाच्या वयाचा धडधाकट पुरुष दिवसा रस्त्यात दिसला की त्याला अडवून कागद मागायचे, सक्तीच्या मजुरीला धरून न्यायचे. सायकलवर पिशवी अडकवून चाललेली बाई पुढे निघून जायची. व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकन हेर तर एका पायाने अधू, लाकडी पाय लावून वावरणारी. १९४४ मध्ये ती फ्रान्समध्ये परत उतरली तेव्हा म्हाताऱ्या शेतकरणीचं सोंग घेतलं, त्यासाठी दात कानशीने घासून घेतले. लंगडणं लपत नव्हतं, म्हणून म्हातारपणाच्या फरफटत्या चालीत मुरवलं. असा एक तपशील दहा गोळीबारांना भारी.

ही नोंद न होणं तुम्ही दोन्ही बाजूंना वापरा. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये रेल्वे मोजणारं एक मोठं हेरजाळं होतं आणि त्यात बायका भरपूर होत्या. घरच्या खिडकीत बसायचं आणि डबे मोजायचे, एवढंच काम. तुमच्या भुसावळातही डबे मोजणारी एखादी बाईच असू द्या. नायिका सात प्रकरणं बाप्यांच्या मागे हिंडते आणि ज्या सवलतीवर स्वतः जगते तीच दुसरीला मिळालेली तिला दिसत नाही. आठव्या प्रकरणात दिसते.

आता या प्रकारात हमखास बिघडतं ते. तिच्या धाडसाला लहानपणीचा एकच अत्याचार कारण म्हणून देऊ नका. कामात तरबेज असणं आणि त्याची चटक लागणं एवढं कारण पुरतं, पुरुष नायकाला आपण दुसरं कुठे मागतो? तिचा जोडीदार पुरुष असेल तर त्याला प्रियकर करायची घाई नको. या प्रकारात सगळ्यात गोड नातं असतं ते एकमेकांच्या कामावर डोळे झाकून विसंबणाऱ्या दोघांचं. आणि शेवटची सुटका तिची तिने करायची. जोडीदाराने तिला सोडवायचं असेल तर चौथ्या प्रकरणात सोडवू द्या, बाराव्यात नाही.

यार्डमास्तर

कळणाभाकरांचं पटलं. पण ताई, तुमचे तीनपैकी दोन प्रसंग १९७१ सालात घडूच शकत नाहीत.

हतनूरचं धरण तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं, ते १९८२ चं.  डिसेंबरात तापी उतरलेली असते. तिच्या काठच्या घळी मात्र त्या काळीही होत्या आणि पाठलागाला दरवाजांपेक्षा चांगल्या आहेत. वरून शेत सपाट दिसतं आणि पुढच्या पावलाला वीस-पंचवीस फूट खोल चर निघतो. अनोळखी माणूस रात्री तिथे पळू शकत नाही.

ठिबक आपल्याकडे ऐंशीच्या दशकापासूनची. १९७१ ची केळी पाटपाण्याची. विहिरीवरच्या पंपाने पाणी पाटात सोडायचं आणि बारे द्यायचे. म्हणजे तुमचा गुंड नळीत अडकणार नाही, चिखलात रुतेल. काळी माती ओली असली की चपलेला थर चढत जातो, वीस पावलांत पाय दुप्पट जड. नायिका चपला हातात घेते, तो बूट काढायला थांबत नाही, एवढ्यात पाठलाग निकालात निघतो. पण तिचे अनवाणी ठसे मागे राहतात आणि सकाळी ते कुणीतरी पाहतं.

केळीची जातही बघा. आजची टिश्यूकल्चरची उंच बाग डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा बसराई, माणसाएवढी किंवा त्याहून बुटकी. तिच्यात उभ्याने लपता येत नाही, वाकून पळावं लागतं. त्यात डिसेंबर. जूनमध्ये लावलेली मृगबाग सहा महिन्यांची, जेमतेम छातीला लागणारी. त्या वर्षीची कांदेबाग नुकतीच लावलेली, गुडघ्याएवढी. लपायला हवी मागच्या वर्षीची कांदेबाग, घड लागलेली. खोडाआड गोळी अडत नाही हेही ध्यानात ठेवा. केळीचं खोड म्हणजे पाणी आणि पापुद्रे, त्यामागे माणूस दिसत नाही इतकंच. पानं घासली की फाटतात आणि आवाज होतो. सगळ्यात कामाचा तपशील चिकाचा: कापलेल्या पानाचा किंवा दांड्याचा चीक कपड्यावर पडला की काळपट तपकिरी डाग पडतो, तो धुऊन जात नाही. पाचव्या प्रकरणातला डाग नवव्यात कुणाच्या तरी सदऱ्यावर दिसू द्या.

आता गाड्या. भुसावळहून एक फाटा खंडव्याकडे, एक नागपूरकडे, एक मुंबईकडे. सुरतेचा मार्ग जळगावहून फुटतो: धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. तो एकेरी होता, त्यामुळे समोरून गाडी येईपर्यंत लहान स्टेशनात क्रॉसिंगला थांबावं लागायचं. मागावरच्या माणसाला चुकवायला यापेक्षा सोय नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या, मध्ये फलाट नसलेल्या बाजूचं दार उघडायचं, उतरायचं, समोरच्या डब्यात चढायचं. फलाटावर लक्ष ठेवणाऱ्याला ती सुरतेला गेली असं वाटतं आणि ती जळगावला परतलेली असते. अडचण एकच, खडीपासून पायरी उंच असते आणि साडीत तिथे चढता येत नाही. कासोटा घातलेलं नऊवारी हवं. ती सकाळी लुगडं कोणतं नेसते यावर वाचकाला संध्याकाळी काय होणार ते ओळखता आलं पाहिजे.

डबे मोजणारीला काय कळवायचंय तेही ठरवा. नुसता आकडा निरुपयोगी. दिशा, वेळ, किती डबे, आणि उघड्या वाघिणीवर ताडपत्रीखाली आकार कसला, या चार गोष्टी लागतात.

तारखेची एक मेजवानी तुम्ही हातची घालवताय. १९७१ ची मार्गशीर्ष पौर्णिमा १-२ डिसेंबरला होती. म्हणजे दत्तजयंती, म्हणजे सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार. युद्धाला तोंड फुटलं ३ डिसेंबरच्या संध्याकाळी. घोड्यांचे व्यापारी परप्रांतातून येतात, कोण कुठला हे कुणी विचारत नाही, रोख रकमा हातोहात फिरतात. सोन्याची देवघेव इथेच करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ब्लॅकआउट लागू होतो, पण पौर्णिमा नुकतीच झालेली. अंधार पडल्यावर तास-दीड तासात चंद्र वर येतो आणि दिवे घालवलेलं गाव चांदण्यात लख्ख दिसतं. तिला जे काही करायचंय ते त्या तास-दीड तासात. घड्याळ आयतं मिळालं.

जाता जाता: नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं आणि मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणत. पात्रांच्या तोंडी आजची नावं घालू नका.

लेझीम_डाव

मारामारीपुरतं बोलतो.

रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर ही जुनी चूक. चक्री आणि नळी यांच्यात फट असते, आवाज आणि वायू तिथून बाहेर पडतात. नळीच्या तोंडाला काहीही लावलं तरी उपयोग नाही, अपवाद एखाद्या खास बनावटीचा. पिस्तुलाला लावलात तरी साधारण २५-३० डेसिबल उतरतात. बंद खोलीत शेजारी ऐकणारच, फुसकन असा आवाज सिनेमात. पाऊण किलोचं .३८ रिव्हॉल्व्हर लुगड्याच्या ओच्यात ठेवलं तर ओचा लोंबतो. पिशवीत, भाजीखाली ठेवा आणि ते बाहेर काढायला लागणारे तीन-चार सेकंद प्रसंगात मोजा.

तिघांना लोळवणं विसरा. खरी झटापट दहा-पंधरा सेकंदांत संपते. जबड्यावर मूठ मारली तर तिच्याच करंगळीमागचं हाड मोडतं. तळहाताची टाच, कोपर, गुडघा वापरू द्या. सगळ्यात बरं म्हणजे लांबी: काठी, उखळातलं मुसळ, सायकलचा पंप. मिरचीपूड फेकायची तर आधी वारा कुठून आहे ते पाहू द्या. सारंगखेड्यात नदीकाठी तो तिच्याच तोंडावर आणेल.

मानेवर एक फटका आणि पहारेकरी अर्धा तास झोपला, हेही नको. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते खरी, पण सोडलं की अर्ध्या मिनिटात माणूस डोळे उघडतो. तेवढ्यात तोंडात बोळा आणि हात मागे बांधायचे. दोरी आधीच काढून ठेवलेली असेल तरच जमतं. म्हणजे पुन्हा तयारी. आणि अर्धा तास बेशुद्ध राहिलेल्या माणसाच्या मेंदूला इजा झालेली असते, तो उठून संवाद म्हणत नाही.

झटापटीनंतर बोटं थरथरतात. लगेच कुलूप तारेने उघडायला लावू नका, किल्लीसुद्धा भोकात जात नाही. बरगडीला चीर गेली तर सहा आठवडे खोकताना कळ येते. तुमची कादंबरिका तेवढ्या काळाचीच आहे. तिसऱ्या प्रकरणात लागलेलं बाराव्यात दुखलं पाहिजे.

गिरणाकाठ

यार्डमास्तर, दोन प्रकरणं फाडली. लेझीम दादा, तिसरं. दत्तजयंतीचं सुचलंच नव्हतं.

आता दोन अडचणी उरल्या. ती सावदा-रावेर भागात कोण म्हणून वावरेल? मी आशा सेविका केलं होतं, पण ती योजना २००५ नंतरची हे आता लक्षात आलं. आणि सांकेतिक निरोप मराठीत कसा दाखवू? इंग्रजी अक्षरांचे नमुने सगळीकडे आहेत, देवनागरीचा कुठे दिसत नाही.

अनेर

आशा सेविका काळामुळे बाद, पण आजच्या कथेतही बादच होती. आशा त्याच गावची रहिवासी असावी लागते, गावाला तिचं सासर-माहेर पाठ असतं. परक्या बाईला ते सोंग एक दिवस टिकणार नाही.

१९७१ मध्ये देवीची लस टोचणं जोरात चालू होतं. दवाखान्याकडून आलेली टोचणारी बाई कुणाच्याही ओसरीवर जाऊ शकते, घरात माणसं किती आणि कोण बाहेरगावी हे विचारू शकते, वहीत लिहू शकते. पण टोचणं तिला यायलाच हवं. दोन टोकांची सुई लशीत बुडवायची, मनगट दंडावर टेकवायचं, एकाच जागी पंधरा टोचे. आठवड्याभरात तिथे फोड वर येतो. लस खोटी असेल तर आठ दिवसांनी सगळी आळी विचारणार, "बाई, पोराच्या दंडावर काहीच कसं आलं नाही?" म्हणून लस खरी द्या आणि खऱ्या टोचणाऱ्या बाईशी गाठ पडायची भीती चौथ्या-पाचव्या प्रकरणात ताणा. खानेसुमारीची प्रगणक करू नका, १९७१ ची गणना मार्चमध्ये उरकली होती.

बोलीकडे लक्ष द्या. धुळ्याची बाई अहिराणी बोलणार आणि सावदा-फैजपूरकडे लेवा बोली. पहिल्याच ओसरीवर ती ओळखू येईल. बोली लपवायला लावू नका, ते कुणालाच जमत नाही. तिकडची सून म्हणून आलेली कुणी अहिराणी म्हातारी तिला हटकून विचारेल, "कोनता गावनी शे वं तू?" आणि तिथे तिला खऱ्या गावाच्या शेजारचं गाव सांगता आलं पाहिजे. त्या गावची नदी, बाजाराचा वार, सासरचं एक आडनाव, इतकं पाठ हवं. पुढच्या भागात कथा अक्षय्य तृतीयेला नेलीत तर सोंगाची गरजच नाही. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात, अनोळखी तरुण बाई दिसली तरी कुणाची तरी लेक असेल म्हणून लोक सोडून देतात.

सोन्याबद्दल. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याची लगड किंवा बिस्कीट खाजगी माणसाला जवळ बाळगता येत नव्हतं, दागिना चालायचा. चोरटं सोनं यायचं दहा तोळ्यांच्या बिस्किटात, एक बिस्कीट ११६.६ ग्रॅमचं. शंभर बिस्किटं कापडी जाकिटाच्या कप्प्यांत शिवली तर पावणेबारा किलोच्या आसपास, आणि आकारमान पाऊण लिटरच्या बाटलीपेक्षाही कमी. दिसत काहीच नाही, वजन मात्र लपत नाही. एसटीची पायरी चढताना हात दांडीवर घट्ट बसतो, बसताना माणूस आधी टेकतो मग मागे सरकतो. नायिकेने सोनं वाहून नेणारा ओळखायचा तो असा.

आणि इथेच तिच्या नेमणुकीचं कारणही मिळतं, ते तुमच्या खर्ड्यात कुठेच नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. लहान ठाण्यात तेव्हा बाई शिपाई मिळणं मुश्कील. म्हणून तस्कर बायकांच्या अंगावर माल बांधायचे, आणि म्हणून खात्याला ओळखीतली भरवशाची बाई बोलवावी लागायची. तुमची नायिका पहिल्या पानावर तशीच बोलावलेली असू द्या. झडतीला आली आणि वजन बघायला शिकली.

आता संकेतलिपी. इंग्रजीतल्यासारखं अक्षर पुढे सरकवणं देवनागरीत फसतं, कारण मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं. त्यापेक्षा प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला आणि हलन्ताला दोन अंकी क्रमांक द्या, शंभर जागा आहेत, पुरून उरतात. समजा प म्हणजे ४१, ऊकाराची मात्रा ७५, ल म्हणजे ४८. "पूल" झाला ४१७५४८. पाठवणारा आणि वाचणारा दोघांकडे वाटेल तशा अंकांची एकसारखी वही असते, ती किल्ली. तिच्या पानावरचे पुढचे सहा अंक २६९०८३. एकेका अंकाची बेरीज करायची, हातचा सोडून द्यायचा: ६७६५२१. हे पाठवायचं, पाच-पाच अंकांचे गट पाडून. वाचणारा तेच अंक वजा करतो, आणि उणे आलं तर दहा मिळवतो. किल्लीचं पान एकदाच वापरून जाळलं तर हा निरोप फुटत नाही. फुटतो कधी? पान दुसऱ्यांदा वापरलं की. सोव्हिएत हेरखात्याच्या किल्लीची काही पानं दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत दोनदा छापली गेली आणि त्यावरून अमेरिकनांनी त्यांचे निरोप पुढे वर्षानुवर्षं उलगडले, व्हेनोना नावाने ते काम ओळखलं जातं. तुमचा खलनायक कंजूष करा. त्याला पान जाळवत नाही.

बोरीपार

एवढं सगळं घातलंत तर कादंबरी होईल की गॅझेटियर? या पुस्तकांत वेग लागतो हो. बिस्किटाचं वजन किती याने कुणाची झोप उडत नाही.

कळणाभाकर

बोरीपार भाऊ, अर्धं बरोबर. ज्या तपशिलावरून तिला काही ठरवावं लागत नाही तो काढून टाकायचा. मृगबाग-कांदेबाग ठेवायची, कारण त्यावर लपायला कुठे पळायचं ते ठरतं. एदलाबादचं नाव एकदा आलं की पुरे. बिस्किटाचं वजन मात्र राहू द्या. पावणेबारा किलो अंगावर घेऊन क्रॉसिंगला खडीवरून समोरच्या गाडीत चढणं ५२ किलोच्या बाईला जमेल का, हा प्रश्न वाचकाच्या डोक्यात आधी पेरायला तोच आकडा लागेल.

ताई, तेच तुमचं अकरावं प्रकरण करा. जाकीट तिच्या अंगात, समोरची गाडी हललेली, आणि शंभर बिस्किटांपैकी किती फेकायची ते तिला ठरवायचंय. सगळी फेकली तर पुरावा गेला. यार्डमास्तर, नरडाण्याला तेव्हा क्रॉसिंग होत असे का, की दोंडाईचा घ्यायचं?

यार्डमास्तर

दोंडाईचा घ्या. सारंगखेड्याहून शहाद्याचा रस्ता उलटा धरला की तेच स्टेशन लागतं, यात्रेची गर्दीही तिथेच उतरते. फलाटावर घोडेवाले, सामानसुमान, पोरंबाळं. फलाट नसलेल्या बाजूला कुणीच नसेल, आणि चंद्र उगवायला अजून वेळ असेल.

गिरणाकाठ

तीन बिस्किटं ठेवते ती. शिक्का दिसायला तीन पुरतात. बाकीची खडीत कुठे पडली ते डबे मोजणारीने पाहिलेलं असतं. अकरावं प्रकरण आज रात्री लिहायला घेते, झालं की इथे टाकते.